गोळीचा गुण

पेपरमिंटची गोळी बोटांना गुळगुळीत लागते. ती तशी नसते. तिच्या पांढऱ्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे हजारो खळगे असतात. सोड्यात दाबून भरलेल्या वायूला बाहेर पडायचं असतं, पण बुडबुडा धरायला कुठंतरी खाच लागते आणि बाटलीची आतली बाजू फार गुळगुळीत असते. गोळी ती खाच पुरवते. शिवाय ती जड, थेट तळाशी जाते. तळातून सुटलेले बुडबुडे वर येताना आणखी वायू ओढून घेत फुगतात आणि अरुंद तोंडातून सगळं एकदम उसळतं. त्यात कसलीही रासायनिक क्रिया नाही, मंत्र तर नाहीच. हे मी कन्हेरीत, आमच्या अंगणात, पंधरा-वीस माणसांसमोर समजावून सांगितलं होतं. त्याचं जे झालं, ते मला अजून पचलेलं नाही.

वडिलांच्या पत्रकांवर मी अक्षरं शिकले. अंधश्रद्धेविरुद्धची ती पत्रकं बारामतीच्या छापखान्यातून गठ्ठ्यांनी यायची आणि सुप्याच्या बाजारात ती वाटायला मी वडिलांबरोबर जायची. एक खोटं काढायला दुसरं खोटं वापरायचं नाही, हे मी त्यांतच वाचलं आणि ते हाडात भिनलं. आई मी लहान असतानाच गेली. मला काकीनं वाढवलं. वडीलही गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो.

काकीला फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी घेत होती तोवर कित्येक वर्षं आली नव्हती. मग भिगवणच्या पलीकडं, धरणाच्या पाण्यालगत एक बाबा बसायला लागला. येणाऱ्यानं काळ्या सोड्याची बाटली न्यायची. बाबा पुटपुटत तीत पांढरी गोळी टाकायचा, फेस उसळायचा आणि तो सांगायचा, बाहेरचं निघालं. मग डॉक्टरच्या गोळ्या बंद. त्या म्हणे आतलं दाबून ठेवतात.

काकी भोळी नाही. पण फिटमध्ये आपल्या तोंडाला फेस येतो, हे तिनं आयुष्यभर दुसऱ्यांकडून ऐकलेलं. स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं. बाबानं तो तिला दाखवला.

"माझा फेस त्या बाटलीतनं गेला बघ," ती मला म्हणाली. तेव्हा तिच्या गोळ्या बंद होऊन चार दिवस झाले होते.

म्हणून मी त्या रविवारी दोन बाटल्या आणि पेपरमिंटची पाकिटं आणली. शेजारपाजाऱ्यांना बोलावलं. एका पत्रकाची सुरळी केली, तीत चार गोळ्या भरल्या आणि पहिल्या बाटलीत एकदम सोडल्या. फेस पत्र्याच्या पन्हाळीला लागला.

"ह्यात मंत्र नाही," मी म्हणाले. "हा गोळीचा गुण आहे."

मला गुणधर्म म्हणायचं होतं. पण आमच्याकडं गुण येतो तो औषधाचा, आणि गुण असतो तो देणाऱ्याच्या हाताला.

"व्हय की," शेजारचे आबा म्हणाले. "गुण असल्याबिगर का एवढं उसळतंय?"

"आबा, तसला गुण नाही. गोळीवर खळगे असतात."

"मग त्या बाबाच्या गोळीवर बी असतील."

"तेच तर सांगतेय मी."

"मंजी त्यो खरा हाय की."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं पुढच्या बाटलीत सगळं स्पष्ट होईल. कुणाच्याही हातानं हे होतं, हे दाखवायला मी दुसरी बाटली काकीपुढं ठेवली. तिनं सुरळी धरली, गोळ्या सोडल्या. जरासा फेस तोंडाशी आला, फुसफुसला आणि खाली बसला.

मी बाटली उचलून पाहिली. सोडा गळ्याच्या बराच खाली उतरला होता.

"हिचं झाकण कुणी काढलं?"

"घोट घोट घेतला आमी," आबा म्हणाले. "ऊन किती हाय. मला वाटलं, पाव्हण्यांसाठीच आणलाय."

मी बोलत असताना बाटली माझ्यामागं हातोहात फिरली होती, उन्हात उघडी राहिली होती. वायू केव्हाच उडून गेला होता. मी ते सांगत राहिले. काकी माझ्या हाताकडं बघत होती.

"तुझ्या हाताला हाय गं," ती म्हणाली.

बाबाकडं जाणं तिनं त्या दिवसापासून सोडलं. संध्याकाळी डॉक्टरच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन माझ्यापुढं आली. "तू दे. तुझ्या हातची घेते."

मी नाही म्हणाले. "कुणाच्याही हातची तेवढीच लागू पडते, काकी. तुझी तू घे."

"मग ऱ्हाऊ दे."

मी पाकीट तिच्या ताटाशेजारी ठेवायची, ती ते उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवायची. मी कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. तिनं ते नीट पाहिलं आणि घडी घालून मला परत दिलं. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी चुलीपुढं भाकरी भाजताना तिला फिट आली. मी मागं गोठ्यात होते. तिचा डावा तळहात तव्यावर किती वेळ राहिला, मला माहीत नाही.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. मी दिवस सांगितले. त्यातले शेवटचे नऊ माझे होते, हे सांगितलं नाही.

आता रोज दोन वेळा मी गोळी तिच्या उजव्या तळव्यावर ठेवते. फिट परत आलेली नाही. डावा हात पूर्ण मिटत नाही. पोरीच्या हाताचा गुण आला, असं ती दारात बसून सांगते, आणि मध्यंतरी एक बाई तिच्या तापलेल्या लेकराला घेऊन माझ्याकडं आली. मी तिला दवाखान्यात पाठवलं. जाताना ती म्हणाली, नुसता हात तरी लावायचा होता. पत्रकांत जे वाचलं ते खोटं नव्हतं. पण ते ज्या एका माणसाच्या कामी यायला हवं होतं, तिच्या कामी आलं ते माझं खोटं.

गेल्या आठवड्यात इंदापूरच्या एका शाळेत माझा कार्यक्रम होता, हाच, सोड्याचा. दोन दिवस मुक्काम पडणार होता. मी पिशवी भरत असताना काकीनं पाकिटातल्या पट्टीतून चार गोळ्या कापून माझ्यापुढं धरल्या.

"हात लावून जा."

एसटीची वेळ झाली होती. मी वरवर हात लावला.

"नीट लाव," ती म्हणाली. "चारी गोळ्यांना."

मी पिशवी खाली ठेवली आणि एकेका गोळीला बोट लावलं.