ससेबाईंचा हात

औषध कंपनीच्या प्राणिगृहात काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे ससेबाई म्हणत. त्यांना ते आवडत नसे, पण हाकेला ओ देत.

कंपनीची सलाईनची बाटली सशांनी पास केल्याशिवाय बाहेर जात नसे. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष पाण्यात राहतात आणि रुग्णाच्या शिरेत गेले तर हुडहुडी भरून ताप चढतो. साध्या रासायनिक तपासणीत ते सापडत नाहीत. पाण्यात काय आहे हे यंत्र सांगेल; त्याने जिवाचं काय होतं, ते जिवालाच विचारावं लागतं. म्हणून सशाच्या कानाच्या शिरेत ते सलाईन टोचायचं आणि ताप येतो का बघत बसायचं. याला जैवचाचणी म्हणतात. शेजारच्या खोलीत याच न्यायाने कारखान्याच्या सांडपाण्यात मासे सोडत. मासे तगले तर सांडपाणी नदीत जाई.

सशाची अडचण अशी, की नुसत्या भीतीनेही त्याचं अंग तापतं. मग चांगलं सलाईनही वाईट ठरतं. एका धसमुसळ्या मदतनिसापायी असा गोंधळ बऱ्याचदा झाला होता. ससेबाईंच्या हाताखाली मात्र ससा हलत नसे. डावा तळहात पाठीवर, अंगठा कानामागे हळूहळू फिरता. थोड्या वेळाने ससा अंग सैल सोडी आणि सुई कधी गेली ते त्याला कळतही नसे. चाचणीला थर्मामीटर लागे तसा हा हातही लागे. तरी बाई इतकी वर्षं रोजंदारीवरच होत्या.

घरी नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. तोंड तेवढं शाबूत होतं.

"सशांना गोंजारतेस आणि मला उठताबसता खेकसतेस," तो म्हणे.

"ससे गप्प बसतात. तुम्ही बसून दाखवा, तुम्हालाही गोंजारते."

"तुझ्या सशांच्या जिवावर तर जगलोय. दवाखान्यात बाटल्या लावल्या त्या त्यांनीच पास केलेल्या ना? सासरची माणसं समज त्यांना माझी."

मग एक दिवस फाटकावर सूचना लागली. प्राणिमात्रांविषयीच्या करुणेपोटी कंपनी सशांवरची चाचणी बंद करत आहे. यापुढे हे काम नव्या तपासणीने काचेच्या नळीत होईल. खाली टाळ्या वाजवणारे दोन हात छापले होते. सशांचं काय, हे मात्र सूचनेत नव्हतं. वारंवार टोचलेले प्राणी बाहेर देता येत नाहीत, असा नियम होता. आणि ठेवून घेतले तर खाऊ कोण घालणार?

त्यांना सुईने कायमचं झोपवायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्या धसमुसळ्या मदतनिसाने ससे धरले. ससा एरवी मुका, पण जिवावर आलं की किंचाळतो. एक किंचाळला की पिंजऱ्यांची ओळच्या ओळ थडथडू लागे. कंपनीचे तरुण पशुवैद्य सुई टाकून बाहेर निघून गेले.

विभागप्रमुखांनी बाईंना बोलावलं. "बाई, प्राणिगृहातले सगळे कामावरून कमी होणार, हे कानावर आलंच असेल. नव्या प्रयोगशाळेत काच धुवायला एक माणूस घेणार आहोत. कायम. घरच्यांना कंपनीचा दवाखाना लागू."

"मला घ्याल, साहेब?"

"उद्या डॉक्टरांजवळ बसा. आवाज झाला नाही पाहिजे. बाहेरचे पाहुणे येणार आहेत, करुणेचा कार्यक्रम आहे."

"आणि आवाज झाला तर?"

"तर मग बघू," साहेब म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या स्टुलावर बसल्या. डावा तळहात पाठीवर, अंगठा कानामागे. सशांना ती रोजचीच चाचणी वाटली. त्यांनी अंग सैल सोडलं. त्याच कानात, त्याच शिरेत सुई गेली. एकेक ससा हाताखालीच जड होई, मग बाई पुढचा घेत. भिंतीपलीकडे पाहुण्यांची भाषणं चालली होती.

काही पिंजरे उरले तेव्हा डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "बाई, मला नाही जमत."

बाईंनी बोटं पदराला पुसली, त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला आणि अंगठा हळूहळू फिरवला. "दमानं घ्या, डॉक्टर. थोडेच राहिलेत."

डॉक्टर शांत झाले. त्यांनी पुढची सुई भरली.

एकही ससा ओरडला नाही. साहेबांनी पाहुण्यांना निरोप दिल्यावर आत डोकावून नुसती मान हलवली. बाई कायम झाल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला बातमी सांगितली. "आता तुमची औषधं कंपनीची." तो खूश झाला. सशांचं काय झालं, हे त्याने विचारलं आणि बाईंनी सगळं सांगितलं, आपल्या हातासकट. मग तो बराच वेळ गप्प राहिला. इतका गप्प तो कधीच नसे. बाई त्याला कुशीवर वळवायला जवळ बसल्या आणि सवयीने त्यांचा डावा तळहात त्याच्या पाठीवर गेला, अंगठा मानेवर फिरू लागला.

त्याचं अंग ताठ झालं.

"अगं, नको," तो म्हणाला. "त्यापेक्षा खेकस माझ्यावर."