आईची आणि माझी खूण

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. बाबांना यंत्रमागाच्या कारखान्यात पाळी, घरात बघणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी मला कबनूरहून शिरोळकडं आत्याच्या गावी पोचवलं. पिशवीत दोन फ्रॉक आणि पत्रकांचा गठ्ठा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून बाबा अशी पत्रकं वाटत. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. पिंड नको, श्राद्ध नको, भूतखेत थोतांड आहे.

सगळं पाठ होतं. पण तिथली शांतता सोसवेना. कबनूरला माग सतत खडखडायचे. इथं भर दुपारी ऊस नुसता उभा, आणि त्याच्या आतून मला ऐकू यायचं, खटाक, खटाक. एकदा बांधावर आईचं हिरवं लुगडं दिसलं. धावत गेले, तर उसाचा पाला.

आत्याला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "जीव गुतलाय तिचा तुझ्यात."

"पत्रकात लिहिलंय, भूत नसतं."

"पत्रकाला आई हाय व्हय गं?"



गल्लीतल्या एका बाईच्या अंगात मंगळवारी वारं यायचं. आत्यानं मला तिच्यापुढं बसवलं. बाई घुमू लागली, केस सुटले आणि हळू, गोड आवाजात म्हणाली, "माझं लेकरू..."

आत्या रडायला लागली. "बोल की आईसंगं!"

आईनं यावं, एवढंच मला हवं होतं. बाबांची सगळी पत्रकं खोटी ठरली तरी चालणार होतं.

आई कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या गोंगाटात हाक पोचत नाही, बायका हातांनीच बोलतात. मी दारात उभी राहून मनगटावर दोनदा मूठ आपटायची : सुट्टी कधी? आई लांबूनच डोक्यावर तळवा ठेवायची : थांब, आलेच.

मी मनगटावर मूठ आपटली. दोनदा.

बाईनं निरखून बघितलं. "बांगड्या मागतंय लेकरू. भरा की तिला बांगड्या!"

"ही माझी आई न्हाय!" मी ओरडले.

"लई शानी! पत्रकवाल्याची लेक न्हवं!" मागून कुणीतरी म्हणालं.

आत्यानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. उसाच्या कडेनं येताना मी हुंदके देत होते.

"आता का रडतीस? तुझंच खरं झालं की."

थोडं चालून ती थांबली. आवाज एकदम मऊ झाला. "कसली खूण गं ती? आई काय करायची? मला दाव की."

आज दाखवली, तर पुढच्या मंगळवारी ती बाई डोक्यावर तळवा ठेवणार. आणि मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडणार.

मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले.