अप्पांनी दावा सोडला

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या मराठी मंडळात मी महिन्यातून एका रविवारी लोकांना कायद्याची कागदपत्रं समजावून देते. कायद्याचं मास्टर्स अजून पूर्ण झालेलं नाही, म्हणून प्रत्येक उत्तराची सुरुवात "मी सॉलिसिटर नाही" अशी करते. तरीही हॉलच्या कपाटात विसरलेल्या छत्र्या साठाव्यात तसे माझ्याकडे किस्से साठत जातात. न्यायला कुणी परत येत नाही. हे सगळे एकाच प्रकरणातले.

*

अप्पा मंडळाचे माजी अध्यक्ष आणि एका डिझेल गाडीचे मालक. चाचणीत दाखवला त्याहून कितीतरी जास्त विषारी धूर गाडी रस्त्यावर सोडते, कंपनीने आपल्याला फसवलं, असा दावा असंख्य मालकांनी मिळून एका लॉ फर्ममार्फत लावला होता. अप्पांनी त्यात नाव घातलं आणि फॉर्मची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "सर्वांनी भरावे."

सर्वांनी भरलं.

*

मंदार पुण्याहून आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर. फर्मने त्याच्याकडे गाडीचा नंबर मागितला, म्हणून माझ्याकडे आला.

"कुठली गाडी आहे तुझी?"

"गाडी कुठे? मी बसने जातो."

"मग दाव्यात कशाला गेलास?"

"अप्पांनी पाठवलं होतं ना."

फर्मला खरं काय ते ताबडतोब कळव, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "आधी अप्पांना विचारतो."

*

त्या हिवाळ्यात अप्पांच्या नातीला, इराला, दम्याने हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिला शाळेतून आणायचं काम अप्पांचं. ते लवकर पोचायचे आणि पोरीला गाडी उबदार मिळावी म्हणून गेटसमोर इंजिन चालू ठेवून बसायचे.

इरा घरी आल्यानंतरच्या रविवारी अप्पा माझ्यासमोर येऊन बसले.

"दाव्यातून माझं नाव काढायचंय."

मी सॉलिसिटर नाही, हे सांगितलं. करारातली मुदत उलटून गेल्यावर माघार घेतली तर फर्म खर्च मागू शकते, हेही सांगितलं. मग, न विचारता, एका गाडीच्या धुराने एका मुलीला दमा झाला असं कुणीही ठामपणे म्हणू शकत नाही, असंही सांगितलं.

"झाला नाही, असं म्हणेल कुणी ठामपणे?"

मी फर्मचा नंबर शोधायला लागले.

"मला फसवलं असेल, अगं. पण धूर माझ्या गाडीचा, खोकला तिचा, आणि भरपाई मला?"

*

फर्मला फोन स्पीकरवर लावला. पलीकडच्या बाईंनी मृदू आवाजात माघारीचं कारण विचारलं. गाडी विकलीत का? दुसऱ्या फर्मकडे जाताय का? आमच्या सेवेबद्दल तक्रार आहे का?

"माझी नात खोकते," अप्पा इंग्रजीत म्हणाले.

क्षणभर टाइप केल्याचा आवाज आला.

"सॉरी टू हिअर दॅट. मग तिचंही नाव घालायचं आहे का?"

*

अप्पा बाहेर पडल्याचं ग्रुपवर कळलं आणि माझ्या टेबलापुढे रांग लागली. सगळ्यांना माघार घ्यायची होती. कारण एकानेही सांगितलं नाही. रांगेत पहिला मंदार.

"तू अजून आत आहेस?" मी विचारलं.

"अप्पा निघाल्याशिवाय कसा निघणार?"

*

गाडी विका, असं अप्पांना सगळे सुचवत होते. "विकली तर दुसऱ्या कुठल्यातरी शाळेसमोर उभी राहील," असं म्हणून त्यांनी ती भंगारात द्यायचं ठरवलं. तोवर ती स्टॅनमोरला त्यांच्या घरापुढे नुसती उभी होती. न्यायला ट्रक येणार होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

दसऱ्याला आम्ही चार-पाच जण तिथे जमलो. अप्पांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. इराने बॉनेटवर कुंकवाची बोटं उमटवली. चाकांखाली लिंबं ठेवल्यावर, गाडी पुढे घ्यायला म्हणून मंदारने चावी मागितली.

"चावी नको," अप्पा म्हणाले. "ढकला."

आम्ही ढकलली. सर्वांत पुढे अप्पा, खांदा लावून. इंजिन बंद असल्यामुळे लिंबं फुटल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. गाडी थांबली. अप्पा दाराला टेकले. छाती भात्यासारखी हलत होती, शब्द फुटत नव्हता.

इराने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कोटाच्या खिशातून आपला निळा पंप काढला, टोपण उघडून सवयीने दोनदा हलवला, आणि चवड्यांवर उभी राहून त्यांच्या तोंडाशी धरला.