खिडकीकडचा गाल

माहेरी तिला सगळे घाई म्हणत. जेवायची उभ्याने, बोलायची चालता चालता, आणि कुणी काही सांगायला लागलं की मध्येच विचारायची, "बरं, पण शेवटी झालं काय?" अशा बाईने गाडी शिकवायचं काम धरलं तेव्हा भावाला हसू आवरेना. पण गाडीत ती वेगळीच असे. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय अधांतरी ठेवून ती शांत आवाजात म्हणे, "क्लच... हं, आता हळू सोडा." सगळी चुळबुळ त्या एका पायात जमा झालेली असायची. घरीसुद्धा समोरून कुणी तरातरा आलं की तिचा पाय फरशीवर दाबला जाई.

एकदा लायसन्ससाठी नवा फोटो काढायला ती गेली. फोटोग्राफर सारखा म्हणत होता, "मान जरा सरळ करा." मान सरळच होती. फोटो हातात आला तेव्हा तिला कळलं, तो कशाने फसला होता. वर्षानुवर्षं एकाच खिडकीला टेकून बसल्याने तिकडचा गाल रापला होता, डोळ्याखाली बारीक सुरकुत्यांचं जाळं पडलं होतं. दुसरा गाल सावलीत राहून तरुणच राहिलेला. जणू दोन बहिणींचे अर्धे अर्धे चेहरे कुणी जोडले होते.

तो फोटो काही तिच्या डोक्यातून जाईना. येता-जाता आरशात, दुकानाच्या काचेत, गाडीच्या आरशातही ती गाल बघायला लागली. अडचण अशी, की तिची त्वचा मुळातच कोरडी आणि भारी तापट. तोंड धुतलं की धुऊन आटलेल्या स्वेटरसारखी ओढली जायची. साबण बदलला की पुरळ, वारा लागला की लाली. म्हणून आजवर ती तोंडाला काही लावतच नसे.

घरात ती आणि तिची नणंद, दोघीच. नवरा जहाजावर, सुट्टीपुरता घरी. नणंद औषधांच्या दुकानात काउंटरला होती. तिने फोटो पाहिला आणि म्हणाली, "वहिनी, तुला सनस्क्रीन पाहिजे. उद्याच आणते."

तिने आणलेलं पहिलं जेल लावताच गाल झोंबायला लागला.

"झोंबतंय म्हणजे काम करतंय," नणंद म्हणाली.

घाईने दोन दिवस सोसलं आणि दुसरं मागितलं. दुसऱ्याला फुलांचा वास होता, त्याने कपाळावर बारीक फोड आले. तिसरा स्प्रे होता, तो नाकात गेला. नणंद उत्साहाने आणत गेली, ही अधीरपणे बदलत गेली. एक लावून गुण येईतो दुसरं उघडलेलं असायचं. शेवटी सकाळी एक, दुपारी दुसरं आणि आग कमी व्हावी म्हणून वर तिसरंच काहीतरी, असं सुरू झालं. गालाचे पापुद्रे निघून काळ्या जॅकेटवर पडत आणि ती सिग्नलला ते झटकत बसे.

त्या दिवसांत एक निवृत्त ग्रंथपाल बाई तिच्याकडे शिकत होत्या. यजमानांची नजर अधू झाल्याने साठी उलटल्यावर त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं होतं. तीनदा सांगितल्याशिवाय त्या लेन बदलत नसत.

एका तापलेल्या दुपारी दोघी उड्डाणपुलावर होत्या. कपाळावरून घाम ओघळला आणि त्याच्याबरोबर क्रीम घाईच्या डोळ्यांत उतरली. डोळे असे पेटले, की उघडताच येईनात. पाय ब्रेकवर होता, पण दाबायचा कधी ते दिसायला तर हवं.

"मला दिसत नाहीये," ती जमेल तितक्या शांतपणे म्हणाली. "पूल उतरलो की गाडी कडेला घ्या."

ग्रंथपाल बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग वाचनालयात बोलावं तशा हलक्या आवाजात बोलू लागल्या. "मागे टेम्पो आहे. त्याला जाऊ देते. गेला. आता उतार आहे. दुसरा गिअर. पूल संपला. कडेला घेतेय. थांबले."

गाडी थांबली. त्यांनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली, आणि ती डोळ्यांवर पाणी मारत असताना अपराधी सुरात म्हणाल्या, "मॅडम, इंडिकेटर द्यायचा राहिला."

घाईला हसू आलं. संध्याकाळच्या शिकवण्या रद्द करून ती तडक त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

"काय काय लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिने पर्स टेबलावर उपडी केली. ट्यूबा घरंगळल्या, एक खाली पडली. डॉक्टरांनी ती उचलून ठेवली आणि बराच वेळ भिंगातून गाल पाहिला. "उन्हाने केलंय त्यापेक्षा जास्त या सगळ्यांनी केलंय," त्या म्हणाल्या. "आता हे बंद. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर तेवढं लावा. लाली पूर्ण गेली की झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन बघू. त्यात वास नको, अल्कोहोल नको. तेही आधी कानाखाली थोडंसं लावून काही दिवस बघायचं."

"आणि तोवर?"

"टोपी, स्कार्फ. बाकी काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेच तुम्हाला जड जाणार, असं दिसतंय."

जड गेलंच. हात सारखा गालाकडे जाई आणि ती तो मांडीखाली दाबून बसे. ऊन दुसऱ्या अंगाला राहावं म्हणून तिने शिकवण्याचे रस्ते बदलले. परिणामी त्या काळातले विद्यार्थी एका बाजूला झोकात वळत आणि दुसऱ्या बाजूला वळायचं म्हटलं की घाबरत.

घरी खरा पेच होता. नणंद नवी बाटली घेऊन दारातच उभी. "वहिनी, ही बघ, आजच आली दुकानात."

"नको गं. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय."

नणंदेचा चेहरा पडला. "म्हणजे मी तुझं तोंड बिघडवलं?"

"तू आणलंस. दम मला धरवला नाही."

नणंद बाटली पिशवीत ठेवून आत गेली आणि भांडी जरा जोरातच घासायला लागली. घाई स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत राहिली.  शेवटी नणंदच पाठमोरी म्हणाली, "दिवसभर लोकांना गोळ्या देते. बरे झाले का, हे सांगायला कुणी परत येत नाही. तुझं तरी डोळ्यांसमोर दिसेल, असं वाटलं होतं."

"मग बघ ना," घाई म्हणाली. "मला एकटीला थांबणं जमणार नाहीये."

त्यानंतर शोध दोघींचा झाला. लाली उतरल्यावर नणंद चष्मा लावून खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसे. "ह्यात सुगंध. हे बाद. ह्यात अल्कोहोल. हेही बाद." शेवटी एक जाडसर, बिनवासाची क्रीम उरली. ती कानाखाली लावली आणि रोज संध्याकाळी नणंद वहिनीची हनुवटी धरून, मान दिव्याकडे वळवून बघू लागली.

"लाल झालंय?"

"हलू नकोस. नाही झालं."

"उद्या तोंडाला लावू?"

"नाही."

पहिल्यांदा चेहऱ्याला लावली तेव्हा घाई अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखी दिसत होती. नणंद म्हणाली, "दुकानदाराने तुला चांगलाच चुना लावलाय." पण झोंबलं नाही, ओढलं नाही. आधी मॉइश्चरायझर, ते मुरल्यावर क्रीम, असा क्रम ठरला. मुरेपर्यंत वाट बघणं तिला सहन होत नाही, म्हणून तेवढ्या वेळात ती कुंड्यांना पाणी घालते, डबे भरते, आणि "मुरलं का?" म्हणून नणंदेला सतावते. पापुद्रे थांबले, आग थांबली. रापलेला गाल पुरता उजळला मात्र नाही. डॉक्टर म्हणाल्या, तो तेवढा राहील.

ग्रंथपाल बाई पास झाल्या आणि यजमानांना घेऊन जवळच्या तलावापर्यंत गेल्या. तिथून त्यांनी फोन केला. परतीच्या रस्त्यावर कुठे कुठे वळायचं, ते घाईने त्यांना दोनदा सांगितलं.

गेल्या आठवड्यात नणंद त्याच क्रीमची नवी ट्यूब घेऊन आली. खोक्यावर ठळक छापलं होतं, 'आता अधिक चांगल्या स्वरूपात'. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नणंदेने चष्मा लावला आणि ती वाचायला बसली. घाई येरझाऱ्या घालायला लागली.

"काय बदललंय त्यांनी? लवकर सांग ना."

"थांब, वहिनी. अजून वरचीच ओळ वाचतेय."