फाटकावरचे माळूमामा

कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या माळावर आता वीज तयार करणाऱ्या सौरपट्ट्या बसल्या आहेत. भोवती तारेचं कुंपण आहे आणि फाटकावर माळूमामा वॉचमन आहेत. पूर्वी याच माळावर ते आणि त्यांचे जिवलग बिरूमामा घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं राखत हिंडायचे. बिरूमामा अजून हिंडतात. काल दुपारी मी त्या दोघांशी गप्पा मारत बसलो होतो.

तेवढ्यात एक म्हातारी मेंढरं घेऊन आली. “तळ्याकडं वाट हाय का?” तिनं कानडी हेलात विचारलं.

माळूमामांनी झटकन टोपी पुढे ओढली आणि पाठ फिरवली. “आत सोडायची परवानगी न्हाई,” ते खांबाकडे बघत म्हणाले.

ती मेंढरं वळवून निघाली. बिरूमामा मला हळूच म्हणाले, “रत्नव्वा ही. हिच्यापायी ह्यो तरणेपणी घोडी दौडवत हद्दीपार जायचा. भावांनी तिला दुसरीकडं दिली.” मग मित्राला म्हणाले, “तिनं वळखलं न्हाई तुला.”

“बरं झालं.”

प्रेम गमावल्याचं दुःख माणूस आयुष्यभर ताठ मानेनं वागवू शकतो. पण जिच्यासाठी हद्द ओलांडली, तिलाच अडवायची नोकरी पत्करलेली असली की ती मान कुठे लपवायची? तिथे बसून हे पाहिल्याची मलाही लाज वाटली.

बिरूमामा उठले. “तिला लांबची वाट दावून येतो.”

“माझं नाव काढू नगंस,” माळूमामा म्हणाले. बिरूमामा गेल्यावर, अजून पाठमोरेच, त्यांनी मला विचारलं, “लई थकलीय का रं ती?”