उदोसाठी सोडलेली जागा

मंगळवार होता. मंगळवारी तुळजापुरात लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्याला मान वर करायला सवड नसते. सोलापूरकडून आलेल्या गाडीतली माणसं खोल्यांच्या किल्ल्यांसाठी अंगावर येत होती आणि त्यातले एक काका, गरम पाणी कधी येणार, हे मला पुन्हा पुन्हा विचारत होते. तेवढ्यात दाजींचा फोन आला. माझे दाजी फोनवर बोलत नाहीत, नंबर लावून फोन आक्काच्या हातात देतात. त्या दिवशी ते स्वतः बोलले. "ओंकार गेला बरं का," एवढंच. मी काकांना "येईल पाणी" म्हणालो आणि खुर्चीत बसून राहिलो. ओंकार माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, एकुलता एक मुलगा. वय बावीस. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, त्यामुळं असा फोन कधीतरी येणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. तरी काकांना पाणी मिळालं की नाही, मला आठवत नाही.

ओंकार तामलवाडीचा. घरी थोडी शेती, दोन म्हशी आणि देवघरात आईची परडी, देवीच्या नावाची टोपली. आक्का आराधी आहे. गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागते आणि बायकांच्या मेळ्यात देवीची गाणी म्हणते. अशा घरातल्या पोराला गाण्याचं वेड लागावं हे रीतसरच झालं, पण याला लागलं ते रॅपचं. मी दिवसभर गर्दीचा कालवा ऐकणारा माणूस. घरी आल्यावर मला पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो. आणि हा पठ्ठ्या माझ्या कानात इअरफोन खुपसून म्हणायचा, "मामा, एकदा ऐका तर." ऐकून मी विचारलं, हा माणूस भांडतोय कुणाशी? तर म्हणाला, "शाहीर भांडतोय का पोवाड्यात? तसंच हाय हे. फकस्त डफ न्हाय." त्यानं स्वतःला नाव घेतलं होतं 'एमसी कवडी'. यातलं एमसी म्हणजे रॅपवाल्यांची पदवी, शिवी नव्हे, हे माझ्या गळी उतरायला बरेच दिवस लागले. कवडी मात्र आईच्या माळेतली. मी त्याला कवडीमोल गायक म्हणून चिडवायचो. "आईच्या गळ्यात हाय तवर मोल हाय, मामा," तो म्हणायचा. असं काहीतरी तो सहज बोलून जायचा, म्हशीपुढं पेंड टाकता टाकता.

बास्केटबॉलचा नाद सोलापूरला कॉलेजात लागला. उंची बेताची, अंगानं काडी, तरी लागला. अमेरिकेतल्या मॅचेस आपल्याकडं पहाटे दिसतात, म्हणून हा धार काढताना मोबाइल गोठ्याच्या खांबाला टेकवून ठेवायचा. त्याची आवडती टीम कायम हरायची. दुसरी धर की, म्हटलं, तर म्हणे, "जिंकणाऱ्याला बघाय लई जण हायती." त्यातही त्याचा जीव होता तो बेंचवर बसून राहणाऱ्या कुण्या एका खेळाडूवर. त्याला कधी खेळायला मिळायचं नाही, पण आपल्या माणसानं बॉल टाकला की हा उठून टॉवेल फिरवायचा. ओंकारही मग खांद्यावरचा टॉवेल फिरवायचा आणि म्हैस बिचकून पाय झाडायची. दूध सांडलं की दाजी अमेरिकेचा उद्धार करायचे.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सळई वाकवून घेऊन त्यानं गोठ्याच्या भिंतीवर रिंग बसवली. हे काय, म्हणून आक्कानं विचारलं. बास्केट म्हणजे टोपली, त्यानं सांगितलं. आता आराध्याच्या घरात टोपली म्हटलं की डोळ्यांपुढं एकच येते. "परडीत चेंडू टाकतेत? पाय लागलेला?" आक्का म्हणाली आणि दोन दिवस लेकाशी बोलली नाही. शेवटी त्यानं तिला समोर बसवून अख्खी मॅच दाखवली. "आई, ह्या खेळात बॉलला मुद्दाम पाय लावला की चूक धरतेत. शिट्टी वाजती." आक्कानं पदर डोक्यावर नीट घेऊन, कीर्तन ऐकावं तशी ती मॅच बघितली. खरंच कुणी पाय लावला नाही. "मग सोवळ्यातला हाय की," ती म्हणाली, आणि तेव्हापासून रिंगचं नाव परडी पडलं. बॉल आत गेला की ओंकार ओरडायचा, "परडी भरली!" आणि आक्का चुलीपुढून हसत हसत शिव्या द्यायची. मी कधी गेलो आणि वाटेत आलेला बॉल पायानं सारला, की मायलेक दोघं एकदम माझ्या अंगावर यायचे.

मग त्याचे पाय सुजायला लागले. सकाळी तोंड सुजलेलं दिसायचं, त्याला आम्ही जागरण समजलो. डॉक्टरांनी डायलिसिसच्या मशीनवर घ्यायला सांगितलं. आक्काची किडनी जुळली नाही, दाजींना साखर, मला रक्तदाब... सगळ्यांची नावं एकेक करून बाद झाली. आठवड्यातून दोनदा सोलापूर. एका बारीला दाजी, एका बारीला मी. मी तुळजापुरात गाडीत बसायचो आणि तामलवाडीला तो चढायचा, गळ्यात इअरफोन, खांद्यावर तोच टॉवेल. मशीन सुरू झाली की तिचा एक घुर्र-घुर्र ठेका लागायचा आणि याची मोकळ्या हाताची बोटं चादरीवर चालू व्हायची. "मामा, बीट फुकटात मिळतोय बघा." सिस्टर दटावून जायच्या. तो डोळे मिटून बोलत राहायचा... कुठला रॅपर शब्द चघळतो, कुठला गिळतो, हरणारी टीम आणखी किती वर्षं हरेल, बेंचवरच्या माणसाला घरी बायको काय म्हणत असेल. "मी बी सध्या बेंचवर हाय. पण बेंचवरच्याला बी जर्सी असती, मामा." एकदा म्हणाला, "आयुष्य म्हंजे कसं हाय..." मी कान टवकारले. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "जाऊ द्या. भूक लागली." खरं सांगायचं तर मी त्या बाऱ्यांनी दमून गेलो होतो. तो माझ्याहून दमला होता. आम्ही एकमेकांना तसं म्हणत नव्हतो, एवढंच.

त्याला सगळ्यात जड गेलं ते पाणी. दिवसाला ठरलेलं तेवढंच प्यायचं, आणि उन्हाळा आमच्या मराठवाड्यातला. तो बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायचा. तशातच त्यानं हे गाणं रचलं:

नळाला पाणी न्हाय गावाच्या, मला प्यायाला मनाई,
दोघांचं दुखणं एकच, आता कुणाला सांगू आई...

या 'आई'नंतर त्याला आक्काची झील हवी होती. आराध्यांच्या गाण्यात पुढची बाई ओळ म्हणते आणि मागच्या बायका तिचा सूर उचलून धरतात, ती झील. ओंकारला फार काही नको होतं, नुसतं 'उदो', देवीपुढं म्हणतात तसं. आक्कानं साफ नाही म्हटलं. मला आधी वाटलं, देवीचं गाणं आणि हे गाणं, असा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न असेल. तो बॉलसारखाच समजावून सुटेल. पण तसं नव्हतं. ती म्हणाली, "असल्या बोलाला उदो म्हणलं की व्हय म्हणल्यावानी हुतंय. त्याचं दुखणं मी कबूल करू व्हय? म्या न्हाय म्हणणार."

"अगं आई, गाणं हाय ते नुसतं."

"तुला आसंल गाणं."

त्यानं मला गळ घातली, "मामा, तुमी सांगा की. तुमचं ऐकती ती." माझं कधी कुणी ऐकलंय? तरी मी बोललो. आक्का परडी पुसत होती, ती पुसतच राहिली. शेवटी त्यानं गाणं मोबाइलवर आपलं आपण रेकॉर्ड केलं, पण 'आई' शब्द आला की तिथं थोडी जागा कोरी सोडली. तीन ठिकाणी तशी जागा होती, आईनं कधी मन बदललं तर असावी म्हणून. मला गाण्यातलं कळत नाही, पण आक्का उदो कशी घेते ते मी लहानपणापासून ऐकलंय, खालून उचलत, लांबवत, श्वास संपेपर्यंत. मी म्हणालो, "अरे, जागा फार तोकडी सोडलीस." तर म्हणाला, "आई तयार झाली की वाढवू. दोन मिंटाचं काम हाय."

त्याच्याबरोबरच्या शेवटच्या बारीला परतताना आम्ही एकेक इअरफोन कानात घालून ते गाणं ऐकलं. कोरी जागा आली की तो खिडकीबाहेर बघायचा. ओठ हलायचे, पण आवाज काढत नव्हता. तामलवाडीला उतरताना म्हणाला, "मामा, पुढल्या बारीला येऊ नका. झोपा जरा, डोळे बघा कसे झालेत." पुढची बारी आलीच नाही.

परवा लॉजवर जरा उसंत मिळाली म्हणून तामलवाडीला जाऊन आलो. दिवसकार्य कधीच उरकलंय, पण आक्कानं अजून जोगवा मागायला सुरुवात केलेली नाही. परडी देवघरात आहे आणि तिच्या शेजारी, पुसून स्वच्छ केलेला, तो बॉल. रिंग भिंतीवर तशीच आहे, तिच्यावर कुणीतरी दाजींचा सदरा वाळत घातला होता. आक्का अंगणात बसली होती, समोर पाट्यावर ओंकारचा मोबाइल. मला बस म्हणाली आणि तिनं गाणं लावलं. त्याचा आवाज अंगणात आला, तोच, शब्द चघळणारा. म्हैस मान वळवून बघायला लागली. दोन ओळी झाल्या. "आता कुणाला सांगू आई..." आणि कोरी जागा आली.

आक्कानं डोळे मिटले आणि खालून सूर उचलला. "उदो..." किती दिवसांनी मी तिचा तो आवाज ऐकत होतो. पण तो अजून वर चढतच होता, तेवढ्यात ओंकारची पुढची ओळ सुरू झाली. तिचा उदो अर्धाच राहिला. मला रडू आवरेना. ती मात्र रडत नव्हती. दाजी गोठ्यातून म्हणाले, "रोज संध्याकाळी हेच चाललंय."

"तवा म्हणली नाहीस," मी कसंबसं म्हणालो.

"तवा भ्यायले होते," आक्का म्हणाली. "आता कशाला भ्यायचं?"

दुसऱ्या जागेलाही तसंच झालं आणि तिसऱ्या जागेलाही. दरवेळी तो आधी निघून गेला आणि ही मागं राहिली. गाणं संपलं तेव्हा तिनं कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि लहानपणी त्याच्या तक्रारी सांगायची त्याच सुरात मला म्हणाली, "लई घाई हाय बघ त्याला. जरा थांब म्हणलं तर थांबत न्हाय." तिनं मोबाइल जवळ ओढला आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं.