आमच्यात चालत नाही

“आडनाव काय म्हणालात?”

मी अजून काहीच म्हणाले नव्हते. तोवर दुकानदार अगदी गोड बोलत होता. या, बसा, आपल्याला काय दाखवू, असं सगळं. कसबा पेठेतलं दुकान, गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीनं मागं जायचं, पण आत एसी. काचेच्या कॅबिनेटमधले कॉम्प्युटर लाल-निळे दिवे लावून ओळीनं मांडलेले. मी त्यातल्या मधल्याकडे बोट दाखवलं. गेमिंगचा डेस्कटॉप. कंपनीतून तयार जोडून आलेला. ना सगळ्यात स्वस्त, ना सगळ्यात महाग. त्यानं कोटेशन करायला घेतलं आणि आडनाव विचारलं.

मी सांगितलं. आमचं आडनाव ऐकल्यावर पुण्यात जात वेगळी विचारावी लागत नाही.

“हं,” तो म्हणाला. कीबोर्डवरची बोटं थांबली. मग त्यानं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते, आता रिटायर झालेत. विदर्भातून बदली होऊन आले, पण बोलणं अजून तिकडचंच. दुकानात शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. तशी पाटी कुठंही नव्हती.

आडनाव सांगेपर्यंत मी ‘आपण’ होते. आता ‘बाई’ झाले. “हे बघा बाई, इकडं या,” म्हणत तो आम्हाला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथं जुन्या कॉम्प्युटरचे काळे, चरे पडलेले डबे एकावर एक रचून ठेवले होते. कुठल्याशा ऑफिसातून परत आलेला माल. एकावर अजून त्या ऑफिसचं स्टिकर अर्धवट खरवडलेलं.

“तुम्हाला हे चालेल,” तो म्हणाला.

मी काय काम करते, कॉम्प्युटरवर काय करणार आहे, काही विचारलं नाही. आडनाव पुरलं त्याला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण माझ्याआधी बाबा बोलले. दोन्ही हात किंचित वर करून, हसून. “चालते ना साहेब. हेच द्या.”

हे ‘चालते’ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते पहिल्यांदा कुठं ऐकलं तेही मला पक्कं आठवतं.

मी सातवीत होते. बाबांच्या साहेबांनी घरी नवा कॉम्प्युटर घेतला, म्हणून जुना आम्हाला द्यायचं ठरलं. तेव्हा आमच्या क्वार्टरच्या अख्ख्या रांगेत कॉम्प्युटर नव्हता. आईला इतका आनंद झाला की तिनं करंज्या केल्या. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. खोबरं, खसखस, वेलची, सगळं नवं आणलं. नवा स्टीलचा डबा काढला. मी आणि बाबा सायकलवरून साहेबांच्या बंगल्यावर गेलो.

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. आतल्या खोलीत साहेबांचा मुलगा नव्या कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. मला दारातून पडद्याचा तुकडा दिसत होता. लाल गाडी वळणावर आडवी होत होती आणि तो खुर्चीत बसून गाडीबरोबर वाकत होता. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. पाय आपोआप उंबऱ्याकडे सरकले. बाबांनी खांदा धरून मागे ओढलं.

साहेबांच्या बायकोनं डबा पाहिला. “घरी केलंत का? अगं बाई. कशाला एवढा त्रास?” मग आवाज आणखी गोड करून म्हणाल्या, “पण आमच्यात चालत नाही हो.”

काय चालत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांच्यात करंज्या खात नसतील.

तेवढ्यात साहेब कॉम्प्युटर घेऊन बाहेर आले. व्हरांड्याच्या पायरीवर ठेवला. “गेम सगळे काढून टाकलेत,” ते म्हणाले. “उगाच सवयी नकोत. अभ्यासाला चालेल तुमच्या मुलीला.”

“चालते साहेब,” बाबा म्हणाले. दोन्ही हात किंचित वर.

परत येताना पायीच, सायकल ढकलत. कॉम्प्युटर कॅरिअरला बांधलेला, मॉनिटर बाबांच्या डाव्या काखेत, आणि माझ्या हातात करंज्यांचा भरलेला डबा. खडकी स्टेशनजवळ बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. आम्ही कट्ट्यावर बसलो आणि दोघांनी मिळून सगळ्या करंज्या खाल्ल्या. बाबा एकेक करंजी नीट चावून खात होते, औषध घेतल्यासारखी. “मायले सांगू नको व,” ते म्हणाले.

घरी गेल्यावर आईनं विचारलं, आवडल्या का? साहेबांनी लय तारीफ केली, असं बाबांनी सांगितलं. आई हरखली. पुढच्या दिवाळीला तिनं साहेबांसाठी म्हणून मुद्दाम जास्तीच्या केल्या. त्याच्या पुढच्याही. दर दिवाळीला बाबा डबा घेऊन निघायचे आणि रिकामा घेऊन यायचे. आई गेली तोवर तिला वाटत होतं की एका मोठ्या साहेबाच्या घरी तिच्या हातची करंजी खातात.

याचा मला आजही संताप येतो. त्या बाईंचा येतो, साहेबांचा येतो, आणि खरं सांगायचं तर बाबांच्या त्या वर केलेल्या हातांचाही येतो. आमच्याकडून त्यांना एक करंजी चालली नाही. त्यांच्याकडून आम्हाला सगळं चालणार होतं. आमचा हात लागलेलं त्यांना नको. त्यांचे हात लागून लागून गुळगुळीत झालेलं तेवढं आमच्या वाट्याला. वर उपकार.

तो कॉम्प्युटर गेला, पण आमच्या घरात नवा कधी आलाच नाही. कॉलेजला असताना कोणीतरी भाग गोळा करून जोडून दिला. मग मी हिंजवडीत नोकरीला लागले, सॉफ्टवेअर तपासायचं काम. तिथंही कंपनीनं मोडीत काढलेला एक मी घरी आणला. तोच आजवर वापरत होते. चालू केला की पंखा असा घरघरायचा की बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. ऑफिसातले सगळे सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन भेटून खेळत, सोमवारी कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या त्याच्याच गप्पा. मी हसून ऐकायची. माझ्या डब्यावर तो गेम उघडायचासुद्धा नाही.

म्हणून ठरवलं होतं. नवा घ्यायचा. अभ्यासासाठी नाही, घरून काम करण्यासाठी नाही. खेळण्यासाठी. कितीतरी दिवस मी वाचत होते, तुलना करत होते. स्वस्तातल्यात ग्राफिक्स कार्ड नावालाच. महागातल्यात निम्मे पैसे दिव्यांचे. मधला माझा होता. खेळ नीट चालतील आणि पुढं रॅम वाढवता येईल असा. ओळखीच्याकडून जोडून घे, स्वस्त पडेल, असं सगळे म्हणाले. पण मला जोडून नको होता. मला खोक्यात बंद हवा होता. वर सील असलेला. ते सील मी फोडणार होते.

आणि हा माणूस मला कोपऱ्यातला डबा दाखवत होता.

“मला तो मधला हवाय,” मी म्हणाले.

“गेमिंगचा? कोणासाठी? मुलगा आहे का?”

“माझ्यासाठी.”

तो हसला. मग नोकरी विचारली. मी हिंजवडी म्हणाले, तर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत म्हणाला, “वा. खाजगीतही कोटा आला वाटतं आता.” ते गिऱ्हाईक आपल्या मोबाईलमध्ये बघून हसलं. बाबांनी माझी ओढणी हळूच ओढली. उंबऱ्यावरून खांदा ओढला होता, तशीच.

मी जागची हलले नाही. मधलाच द्या, म्हणाले. शेवटी वैतागून त्यानं मांडणीतला तो कॉम्प्युटर बंद केला आणि वायरी काढायला लागला. हाच न्या, म्हणाला, नुसता दाखवायला ठेवलाय, नव्यासारखाच आहे. काचेवर बोटांचे ठसे होते. मी सीलबंद मागितला. मागं तशीच खोकी रचलेली मला दिसत होती.

तेव्हा तो ते वाक्य बोलला. पुण्याच्या खास थंड आवाजात, मान वर न करता.

“का? कोणाचा हात लागला तर विटाळ होतो का तुम्हाला?”

बाबांचा हात माझ्या ओढणीवरून गळून पडला. मला व्हरांडा दिसला. आईचा डबा दिसला. आणि माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. आवाजसुद्धा चढला नाही. उलट, गोड झाला.

“तुमच्यात चालत असेल,” मी म्हणाले. “पण आमच्यात चालत नाही हो.”

आणि बाहेर पडले.

बाबा मागून चपला अडकवत आले. आम्ही बसस्टॉपवर आलो. मग म्हणाले, “एवढं बोलाचं काम नव्हतं व.” मी विचारलं, करंज्या आठवतात का? त्यांनी मान फिरवली. मीही त्यांची समजूत काढली नाही.

कॉम्प्युटर मी दुसरीकडून घेतला. तोच, मधला. सीलबंद. सील मी रागानंच फोडलं. एवढ्याशा चिकटपट्टीसाठी आमच्या दोन पिढ्या गेल्या.

जुना कोपऱ्यात पडून होता. बाबा म्हणाले, शेजारच्या घरात दे, त्यांच्या पोरीला चालते.

मी तो उचलला आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्या मुलीला काय हवंय ते मी तिला विचारीन. जमेल तेव्हा आणीन, नवं आणीन, नाहीतर नाही म्हणून सांगीन. पण माझ्या हातून कोणाच्या दारात उष्टं जाणार नाही. आणि माझ्या दारात कोणी घेऊन आलं, कितीही गोड बोलून, तर मी हात वर करणार नाही. चालणार नाही, म्हणून सांगीन.